मानेखालचं माणूस

शहागंजच्या मागच्या गल्लीत मी भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला नाव, गाव, नोकरी, लग्न यांपैकी काहीच विचारलं नाही. दारातच उभं केलं आणि म्हणाल्या, "बाही वर कर. कोपर दाखव."

मला वाटलं, पत्ता चुकून आपण दवाखान्यात शिरलो. तरी बाही वर केली. उन्हात तीन घरं हिंडून आले होते आणि चौथं हिंडायची ताकद नव्हती. बाईंनी कमरेच्या बटव्यातून जांभळ्या रेशमाची एक चिंधी काढली. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. ती माझ्या कोपरावरून अलगद ओढली. चिंधी मध्येच थांबली. एक बारीक धागा माझ्या कातडीला अडकून वर आला होता.

"अडकलं," त्या म्हणाल्या. "वय काय तुझं?"

"एकतीस."

"कोपर पन्नाशीचं हाय. खोली देते. पण दिवाळीपतूर सुधारणा दिसली पायजे."

अशी मला वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. मी वैजापूरची. इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली होती. भाडं, अनामत, पाण्याची वेळ हे सगळं मग जिन्यात उभ्याउभ्या ठरलं. त्यातही त्यांचं निम्मं लक्ष माझ्या टाचांकडे होतं.

गल्ली त्यांना मावशी म्हणायची, मीही म्हणू लागले. आता त्या सोयगावला भाचीकडे असतात. फोन केला की "कशी हायस" विचारायच्या आधी "टाचा कशा हायत" विचारतात. गेल्या आठवड्यात विचारलं तेव्हा मी बसमध्ये होते. टाचा बऱ्या आहेत, असं मी जोरात सांगितलं, तर शेजारच्या गृहस्थांनी खाली वाकून बघितलं.

मावशींचं वय तेव्हा सत्तरीच्या आसपास असावं. असावं म्हणते, कारण नक्की सांगणं अवघड होतं. चेहरा सत्तरीचा. कपाळावर आठ्या, डोळ्यांभोवती जाळी, ओठांवर चुण्या. पण पदराखालून हात बाहेर आला की माणूस चक्रावायचं. मनगट, कोपर, दंड सगळं तुकतुकीत. पाय धुवायला साडी वर खोचली की पोटऱ्या चाळिशीतल्या बाईच्या वाटाव्यात. चेहऱ्याला त्या पाण्याशिवाय काही लावायच्या नाहीत, आणि हे मुद्दाम होतं.

मी एकदा मोबाईलवरून मागवलेली एक महागडी बाटली त्यांनी हातात घेतली. उलटीसुलटी केली. "एवढुश्या बाटलीत मावतंय काय? अन् लावायचं कुठं, तर तोंडाला. तोंडाचे लाड सारी दुनिया करती. मानेखालचं माणूस मग कुणाचं हाय? शेजारणीचं?"

हे मानेखालचं माणूस त्यांच्या बोलण्यात सतत यायचं. कोपरं, गुडघे, टाचा, मानेचा मागचा भाग, कानामागची खाच, बोटांच्या मधल्या जागा. या सगळ्या त्यांच्या लेखी अनाथ जागा होत्या आणि त्यांचा सांभाळ करायला देवानं मावशींना नेमलं होतं.

आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, कधी त्याहून उशिरा. पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली पिंप, घागरी, बादल्या घेऊन धावायची. मावशींची धावपळ नसायची. त्यांची आंघोळ एका लहान बादलीत व्हायची. पाणी कोमट, बोट घातलं तर गरम की गार ते कळू नये इतकं. साबण फक्त काखांना आणि पायांना. बाकी अंगाला दुधात कालवलेलं डाळीचं पीठ, तेही आठवड्यातून दोनदा. अंग पुसायला जुन्या धोतराचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा. तो घासायचा नाही, टिपायचा. आणि अंग पुरतं वाळायच्या आत तिळाचं तेल. थोडंसंच, पण ओल्या अंगावर.

"वाळल्यावर तेल लावलं तर ते वरच्या वर बसतंय," त्या मला मोरीच्या दाराबाहेरून शिकवायच्या. मी आत असायचे आणि त्या बाहेर उभ्या. "झालं का तेल? की उभीच हायस?"

"मावशी, मला कामावर जायचंय!"

"कामावर कोपर घेऊनच जायलीस ना?"

मी तेल लावायचे.

नेसण्याचेही नियम होते. नवं कापड दोनदा धुतल्याशिवाय अंगाला लावायचं नाही. परकराचा नाडा करकचून बांधायचा नाही, आणि त्याची गाठ रोज वेगळ्या जागी. सोमवारी डावीकडं, मंगळवारी उजवीकडं. गल्लीतल्या बायका दळण घेऊन चालल्या की मावशी ओट्यावरून ओरडायच्या, "आज गाठ कुठं हाय गं?" नव्यानं लग्न होऊन आलेल्या एका मुलीनं हे ऐकलं आणि ती आठ दिवस त्या बाजूनं फिरकली नाही. उन्हात त्या समोरच्या किराणा दुकानापर्यंत जायच्या तरी छत्री उघडायच्या. दुकान दहा पावलांवर होतं. ब्लाउजची बाही मनगटापर्यंत, अगदी मे महिन्यातसुद्धा.

चादरीवरून आमचं खरं भांडण झालं. माझ्या खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. मी कामावर गेले की त्या वर येऊन माझ्या गादीवरची चादर ओढून ताठ करून जायच्या. घरी आल्यावर पलंग इस्पितळातल्यासारखा दिसायचा. मला राग आला. मी खाली जाऊन म्हणाले, माझ्या खोलीत मी नसताना कुणी आलेलं मला आवडत नाही.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "मी तुझ्या सामानाला हात लावत नाय. चादरीला सुरकुती व्हती."

"असू दे ना सुरकुती! मला चालते."

"तुला चालती. अंगाला चालत नाय." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्यांचा चेहरा असा काही उतरला होता की मला माझाच राग आला. चादरीवरून एवढं वाईट काय वाटून घ्यायचं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी एक चाचा फळांची गाडी लावायचे. त्यांच्या टाचांना भेगा होत्या, हिवाळ्यात त्यांतून रक्त यायचं. मावशींनी एका दुपारी घमेल्यात कोमट पाणी घेतलं, गाडीशेजारी स्टूल टाकलं आणि चाचांना पाय बुडवून बसवलं. चाचा हात जोडत होते. "अम्मा, छोडो ना मेरेकू. गिराइक खडे हैं."

"गिऱ्हाईक केळं बघायलंय, तुमचे पाय नाय. गप बसा."

पंधरा दिवस हा कार्यक्रम चालला. भिजवायचं, टिपायचं, तेल लावायचं, वरून सुती मोजे. मोजे घालून केळी विकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. सोळाव्या दिवशी मावशींनी भर रस्त्यात बसून चाचांच्या टाचेवरून चिंधी ओढली आणि ती सरळ गेली. चाचांनी त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरी एक एक डाळिंब पाठवलं. माझं कोपर दिवाळीपर्यंत पास झालं नव्हतं, त्यामुळे मला त्या डाळिंबाचा जरा हेवाच वाटला.

ही चिंधी आली कुठून, ते चाचांनीच मला सांगितलं. मावशी तीस वर्षं एका हिमरूच्या, म्हणजे रेशीम-सुताच्या नक्षीदार कापडाच्या, कारखान्यात होत्या. आधी रेशमाच्या कांड्या भरायला, नंतर मागावर. रेशमाच्या कामाला खरबरीत बोट चालत नाही. बोटाचं साल निघालं असेल तर धागा अडकतो, ओढला जातो, कापड बिघडतं. कारखान्यात सकाळी आल्यावर मुकादम प्रत्येकीच्या बोटांवरून रेशमाचा तुकडा फिरवायचा. अडकला तर तिला त्या दिवशी मागावर बसू देत नसत. मावशींचं एकदाही अडकलं नाही, असं चाचा अभिमानानं म्हणाले. "अम्मा की उंगलियाँ तो मशहूर थीं. अंधेरे में टूटा धागा पकड लेती थीं." कारखाना बंद झाला तेव्हा शेवटच्या थानातला एक तुकडा त्या घरी घेऊन आल्या. तीच ही चिंधी.

मला वाटलं, हे एवढंच. एकेकाला लागलेली सवय सुटत नाही. मी मनातल्या मनात त्यांची फाइल बंद केली आणि कोपराला तेल लावत राहिले.

मग वैजापूरला आई न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिला इथल्या दवाखान्यात आणलं, ऑपरेशन झालं. सोडताना डॉक्टर म्हणाले, "हाडं ठिसूळ आहेत. सहा आठवडे पायावर भार द्यायचा नाही. हाड जुळेल, त्याची चिंता नको. चिंता पाठीची आहे. यांना साखर आहे. पडून पडून पाठीला जखम झाली तर ती भरणार नाही. तेवढं सांभाळा."

तेवढं कसं सांभाळायचं, ते मला कळेना. माझी खोली वर, जिना अरुंद. रजा संपलेली. बाई ठेवावी तर ओळखीची कुणी नाही. दवाखान्यातून घरी येऊन मी जिन्याच्या पायरीवर बसून रडत होते. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून त्यांनी स्वतःच्या खोलीतल्या पलंगावरची गादी झटकली.

"आक्काला इथं आण. मी आतल्या खोलीत निजते."

"मावशी, तुम्हाला किती त्रास..."

"तू ग्रंथालयात जा. पाठ माझ्याकडं."

आई आली. आईला परक्या बाईनं अंगाला हात लावणं मुळीच आवडत नव्हतं. पहिल्याच दिवशी मावशींनी तिला कुशीवर वळवलं, झंपर वर केला आणि पाठीवरून चिंधी ओढली. आई भिंतीकडे तोंड करून मला म्हणाली, "ही बाई माझी परीक्षा घ्यायलीय का काय?"

"व्हय," मावशी म्हणाल्या. "अन् पास व्हायचंय तुम्हाला आक्का."

त्यांनी वेळापत्रक लावलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. घड्याळ त्यांना पटायचं नाही. मागच्या शाळेची घंटा आणि मशिदीची अजान यांच्यावर त्यांचा दिवस चालायचा. पहिल्या घंटेला डावी कूस, मधल्या सुट्टीला पाठ, अजानला उजवी कूस. गुडघ्यांच्या मध्ये उशी, घोट्याखाली घडी घातलेला टॉवेल, टाच हवेत राहिली पाहिजे. आणि चादर. दर वळवण्याला त्या चारी बाजूंनी चादर ओढायच्या, तळव्यानं चाचपायच्या. भाकरीचा कण सापडला तरी उचलायच्या. माझ्या पलंगावरची ती ताठ चादर मला तेव्हा आठवली आणि तोंड लपवावंसं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका रविवारी मावशी बाजारात गेल्या होत्या. मी आईला कुशीवर वळवलं तर माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग. आमच्या वैजापूरला अशा वेळी स्पिरिट लावून पावडर टाकून चांगलं चोळतात, म्हणजे रक्त खेळतं. माझ्या आजोबांना तसंच करायचे. मी बाटली आणली आणि चोळायला लागले. घाबरल्यामुळे जोरातच चोळत होते. आई "हळू गं, हळू" म्हणत होती.

तेवढ्यात मावशी आल्या. हातातली पिशवी दारातच पडली, कांदे घरभर झाले. त्यांनी माझं मनगट धरून हात बाजूला खेचला. एवढी ताकद त्यांच्यात होती हे मला माहीत नव्हतं.

"लाल जागा चोळायची नाय! आधीच दबून बेजार झालीय ती, तिला आणखी मारतीस?"

मग त्यांनी स्वतःचं बोट त्या डागावर टेकवलं. हलकेच दाबलं, उचललं. दाबलेली जागा पांढरी झाली आणि पुन्हा लाल झाली. त्यांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. "रक्त फिरायलंय अजून. बघ. पांढरं झालं नसतं तर मग काय खरं नव्हतं."

चार दिवस आईला पाठीवर टेकूच दिलं नाही. या कुशीवरून त्या कुशीवर. डागाला तेल नाही, पावडर नाही, काही नाही. फक्त मोकळी हवा आणि दर वळवण्याला मावशींचं बोट. डॉक्टरांनाही बोलावलं. ते बघून म्हणाले, हेच करत राहा. मी कामावर जायचे पण पुस्तकांवर चुकीचे शिक्के मारायचे. डाग काळा पडला तर? फुटला तर? दुपारी फोन केला की मावशी एकच शब्द सांगायच्या, "पांढरं." तो ऐकला की मी पुन्हा शिक्के मारायला बसायचे.

त्या चार दिवसांतल्या एका संध्याकाळी आई झोपली होती. आम्ही दोघी ओट्यावर लसूण सोलत होतो. मावशी आपण होऊन बोलल्या. त्यांचं ते बोलणं मी कधी विसरणार नाही.

"आमच्या माणसाला लकवा झाला व्हता. आठ महिने अंथरुणावर. मी दिवसभर मागावर. सकाळ-संध्याकाळ त्यांचं अंग पुसायचे. पण दवाखान्यातनं जे औषधाचं पाणी दिलं व्हतं ना, त्यानं हाताची सालं निघायची. मुकादमानं एकदा घरी धाडलं असतं, तर त्या दिवशी खायचं काय? म्हणून मी कापसाचा बोळा करायचे. बोळा बुडवायचे अन् लांबूनच पुसायचे. हात लावतच नव्हते."

लसणाची पाकळी त्यांच्या बोटांत तशीच राहिली.

"हात लावला असता तर कळलं असतं. आधी कातडं गरम लागतंय, मग आत घट्ट लागतंय. हे दिसत नाय, बोटाला कळतंय. अंधारात तुटलेला धागा मला सापडायचा, अन् माझ्या माणसाची पाठ मला सापडली नाय. फुटल्यावर दिसली. मग गेलेच ते."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी आपला हात लगेच काढून घेतला आणि म्हणाल्या, "कोपर बघू. लावतीस का नाय तेल?"

पाचव्या दिवशी डाग फिका झाला, आठव्या दिवशी शोधावा लागला. सहा आठवडे संपल्यावर आई वॉकर धरून उभी राहिली. तोपर्यंत दोघींचं चांगलंच जमलं होतं. आई परकराची गाठ वारांप्रमाणे बदलू लागली होती आणि मला त्यावरून सुनावू लागली होती. निघायच्या दिवशी मावशींनी आईच्या पाठीवरून शेवटचं एकदा चिंधी ओढली. मानेपासून कमरेपर्यंत ती सुळकन खाली आली. आई लहान मुलीसारखी हसली.

गाडी आली होती. आई दारात थांबली आणि मावशींचा हात धरून म्हणाली, "माझ्या पाठीचं एवढं केलं तुम्ही. तुमच्या पाठीला कोण तेल लावतं?"

"पाठ काय आक्का, कुणाला दिसती?" मावशी हसून म्हणाल्या आणि वॉकर गाडीत नीट बसतो का ते बघायला पुढे झाल्या. गाडीत बसताना तिनं माझ्याकडे बघितलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींची आंघोळ झाल्याचा आवाज आला तशी मी तेलाची वाटी घेऊन खाली गेले. त्या नको नको म्हणाल्या. इतकी वर्षं माझं मीच करते, तुझा हात कशाला, कामाचं बघ.

"चिंधी द्या," मी म्हणाले.

"कशापायी?"

"परीक्षा."

त्यांनी थट्टेवर न्यायचा प्रयत्न केला. पण नियम त्यांचाच होता. शेवटी बटव्यातून चिंधी काढून दिली आणि माझ्याकडे पाठ करून पाटावर बसल्या. ब्लाउज खाली घेतला.

खांदे तुकतुकीत होते. कमर तुकतुकीत होती. वरून हात जिथं संपत होता आणि खालून जिथं पोचत नव्हता, त्या दोन्हींच्या मधली तळहाताएवढी जागा मात्र पांढरट, कोरडी, तडकलेली होती. तिच्यावर फणीनं खाजवल्याच्या जुन्या-नव्या रेघा होत्या. गल्लीभरच्या टाचा आणि कोपरं सांभाळणाऱ्या बाईच्या अंगावर ती एकच जागा म्हातारी झाली होती.

मी मानेपासून चिंधी हळूच खाली ओढली. मध्यावर ती थांबली.

"अडकलं?" मावशींनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"खोटं बोलू नको. तीस वर्षं मागावर बसलेय मी. धागा वर आलेला मला कळतोय."

मी चिंधी सोडवून बाजूला ठेवली. माझी बोटं पुस्तकांच्या धुळीनं अजून खरबरीत होती आणि ती जागा तडकलेली. दुखेल म्हणून मी आईच्या औषधांतला उरलेला कापूस घेतला. पुडा उघडल्याचा आवाज झाला तशी मावशींची पाठ एकदम ताठ झाली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"बोळा नको," त्या म्हणाल्या. "हातानं लाव."

मी कापूस खाली ठेवला.